हातावर हात ठेवून…

इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राच्या पेपरला मी बाजार काढला होता. तीन भाजीवाल्या, पाच गिऱ्हाईकं, एक सायकलवाला. आणि एकालाही हात नव्हते! म्हणजे होते, पण कुणाचे पिशवीत, कुणाचे पदराखाली, कुणाचे पाठीमागे. सायकलवाल्याचे हँडलमागच्या टोपलीत गडप. तुमच्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय ते आत्ता गालातल्या गालात हसत असणार, कारण ही ट्रिक आपण सगळ्यांनीच केलीय. चेहरा एकवेळ जमतो. दोन ठिपके, एक रेघ, झालं. हात काढायला गेलं की केळ्यांची फणी होते.

मला ‘बी’ ग्रेड मिळाली आणि पुढची सतरा वर्षं मी पेन्सिल हातात धरली ती फक्त मीटिंगमध्ये चौकोन गिरवायला. मग दोन वर्षांपूर्वी रिलीज, क्लायंट कॉल आणि ईएमआय या त्रिकोणात पुरती अडकल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणी झुंबाला गेल्या आणि मी शनिवार सकाळच्या चित्रकलेच्या क्लासला. सर शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग टीचर. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, ‘तीन महिने फक्त हात. फळं नाहीत, फुलदाणी नाही, आणि गणपती तर अजिबात नाही.’

आमच्या बॅचमधले निम्मे दुसऱ्या शनिवारी आलेच नाहीत.

जे उरलो त्यांना पहिला धक्का बसला तो मापाचा. तुमच्या तळहाताचा मनगटाकडचा भाग हनुवटीवर ठेवा आणि बोटं सरळ वर पसरा. (शेजारच्या क्युबिकलमधला बघत नसेल तर आत्ताच करून बघा.) बोटांची टोकं जवळजवळ केसांपर्यंत पोचतात. हात एवढा मोठा असतो! आपण काढतो तो मात्र बाहुलीचा. सरांचं म्हणणं, ज्या गोष्टीला आपण घाबरतो ती कागदावर आपोआप लहान होते.

दुसरा धक्का आतल्या यंत्रणेचा. एका हातात २७ हाडं. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते तळव्यात आणि कोपराखालच्या हातात बसलेले असतात, आणि तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत येतात. थेट कळसूत्री बाहुल्यांचा कारभार. त्यामुळे करंगळी जरी आवळली तरी मनगटापर्यंत काहीतरी ताणलं जातं, आणि ते दिसतं. फक्त बघायची सवय हवी.

ती सवय लागावी म्हणून सरांनी एक जुना व्यायाम दिला. नजर हातावर, पेन्सिल कागदावर, आणि कागदाकडे एकदाही बघायचं नाही. डोळा मुंगीच्या वेगाने कडेवरून चालवायचा आणि पेन्सिल त्याच वेगाने. चित्र भयाण येतं, हे आधीच सांगून ठेवते. पण दहा-बारा भयाण चित्रांनंतर एक गंमत होते. ‘बोट म्हणजे असं असतं’ हे डोक्यातलं बोट गायब होतं आणि समोरचं दिसायला लागतं.

दीड महिन्यात माझा डावा हात मला बऱ्यापैकी जमला. नखं, सुरकुत्या, शिरा, अंगठ्याजवळचा लहानपणीचा भाजल्याचा डाग, सगळं जागच्या जागी. मी खूश. सरांनी कागद हातभर लांब धरला आणि म्हणाले, ‘छान. पासपोर्ट फोटो झालाय. हा हात करतोय काय पण?’

काही करत नव्हता. टेबलावर पडला होता.

मग त्यांनी माझ्यासमोर चहाचा स्टीलचा पेला ठेवला. आधी भरलेला, चांगला वाफाळता. तो उचलताना मी आपोआप फक्त वरची कड पकडली, दोन बोटं आणि अंगठा, बाकीची बोटं हवेत. मग रिकामा. आता पूर्ण पंजा त्याच्याभोवती, निवांत. ‘काढ दोन्ही. पेला नाही काढलास तरी चालेल.’ काढले. आणि खरंच, पेला नसताना सुद्धा कळत होतं की पहिल्या हाताला चटका बसतोय!

चेहरा सांभाळता येतो

त्या दिवशी सरांनी जे सांगितलं ते मला हात काढण्याबद्दलचं एकुलतं एक खरं गुपित वाटतं. नुसता हात म्हणजे हाडं आणि कातडी. भावना दिसते ती तो कशाला टेकलाय आणि किती जोराने, यात. बोट दाबलं की टोकाचं रक्त मागे सरतं, नखाखाली पांढरी पट्टी उमटते, सांधा उजळतो, शेजारचं मांस थोडं फुगतं. पेन्सिलीच्या भाषेत सांगायचं तर बोट आणि वस्तू यांच्यामधली रेघ दाबाच्या जागी गडद, बारीक आणि धारदार होते. नुसतं टेकलेलं असेल तर तिथेच मऊ सावली राहते, मध्ये जराशी हवा असल्यासारखी. धास्तावलेला माणूस आणि निवांत माणूस यांच्यात कागदावर कधीकधी एवढाच फरक असतो.

चेहऱ्याचं तसं नाही. चेहरा आपण सांभाळतो. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये आपण सगळेच किती गोड हसतो! त्याच वेळी टेबलाखाली पेनचं टोपण काढ-घाल चाललेलं असतं, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपलंसुद्धा.

आपल्याकडे हातांची एक ठरलेली भाषाही आहेच. अभयमुद्रा म्हणजे ‘भिऊ नकोस’, वरदमुद्रा म्हणजे ‘घे’. तिथे हात मुद्दाम बोलतो आणि आपल्याला ते वाचता येतं. मला मात्र न ठरवता बोलून जाणारे हात जास्त ओढतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातलं कमळ बघा. मुद्राबिद्रा सोडा, त्याने ते धरलंय किती हलकं! जगातलं सगळं दुःख समजलेला माणूस फूल आवळणार नाही, हे त्या चित्रकाराला नेमकं माहीत होतं.

जगातले सगळ्यात प्रसिद्ध काढलेले हात म्हणाल तर ते अल्ब्रेख्त ड्यूररचे. प्रार्थनेत जोडलेले दोन हात, निळ्या कागदावर ब्रशने काढलेले, साल १५०८. आज व्हिएन्नाच्या आल्बर्टिना म्युझियममध्ये आहेत. तुम्ही ते पाहिलेत. ग्रीटिंग कार्डावर, लॉकेटवर, कुणाच्या तरी दंडावरच्या टॅटूत. त्यांच्याबरोबर फिरणारी गोष्टही तुमच्या इनबॉक्समध्ये कधीतरी आली असेल. दोन भाऊ, एक खाणीत राबतो, दुसरा चित्रकार होतो, राबून वाकडे झालेले भावाचे हात, वगैरे. डोळे पुसण्याआधी सांगते, ती गोष्ट बनावट आहे. ड्यूररने हे हात काढले ते फ्रँकफर्टच्या याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या चर्चच्या ऑर्डरसाठी, एका प्रेषिताच्या चित्राचा सराव म्हणून. ज्या मोठ्या चित्रासाठी हा सराव केला ते १७२९ मध्ये आगीत जळून गेलं. उरला सराव!

आणि गंमत बघा, ते हात कष्टाने वाकडेबिकडे नाहीतच. लांब, सडपातळ, नीटनेटके आहेत. तरी बघणाऱ्याच्या पोटात काहीतरी हलतं. का? कारण ते एकमेकांवर दाबलेले नाहीत. नुसते टेकलेत. काहीतरी मागायला आलेला, पण हट्ट न धरणारा माणूस हात असेच जोडेल. तो पेल्याचा व्यायाम केल्यावरच मला हे दिसलं. त्याआधी वीस वर्षं ते चित्र माझ्यासाठी फक्त ग्रीटिंग कार्ड होतं.

आपल्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घ्या. हातात समई घेतलेली बाई. हे चित्र अनेक जण बिनधास्त रविवर्म्याच्या नावावर खपवतात. हळदणकर सावंतवाडीचे, आणि चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता. दिवाळीत तिला हातात दिवा घेतलेलं बघून चित्र सुचलं, असं सांगतात. त्या गीताबाई उपळेकर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी कोल्हापुरात वारल्या. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि बहुतेक लोक त्याच्यासमोर उभे राहून चेहऱ्यावरच्या उजेडाबद्दल बोलतात. मला दिसतो तो ज्योतीवर आडवा धरलेला हात. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय. हात ज्योतीच्या इतका जवळ की वारा लागणार नाही, आणि इतका लांब की भाजणार नाही. कशालाही न टेकलेला हात, तरी केवढी काळजी! आणि हे सगळं जलरंगात, जिथे एक चुकीचा ओघळ आला की खेळ खलास.

डाव्या हाताची नखं

तिसऱ्या महिन्यात होमवर्क मिळालं. घरातल्या कुणाचे तरी हात काढा, पाच वेळा, पाच वेगवेगळ्या दिवशी.

मी अण्णांना निवडलं. कारण आमच्या घरात इतका वेळ एका जागी बसणारे तेच. अण्णा एसटीत कंडक्टर होते. छत्तीस वर्षं एका खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि उजव्या हातात पंच. दांड्यावर पंच वाजवत ते गर्दीतून असे वाट काढायचे की लहानपणी मला वाटायचं एसटी त्या टकटकीवरच चालते. रिटायर झाल्यावर ते गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. डावा हात उजव्या हातावर ठेवून. आई म्हणायची, ‘जन्मभर उभं राहिले, आता बसू दे की हातावर हात ठेवून.’

त्यांची एक सवय आमच्याकडे विनोदाचा विषय होती. टीव्ही बघता बघता त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत राहायची. माझा भाऊ म्हणायचा, ‘अण्णा अजून तिकिटं फाडतायत.’ आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे. म्हणजे हसायचे असं मला आठवतं.

पाच चित्रं झाली. सरांनी ती ओळीने जमिनीवर मांडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘डाव्या हाताची नखं वाढलीयत आणि उजव्याची कापलेली. पाचही चित्रांत. असं का?’ दुसरा, ‘हे निवांत बसलेत म्हणतेस. मग डाव्या हाताचे सांधे इतके पांढरे का सोडलेस?’

मी म्हटलं, मला तसे दिसले.

‘हो ना. मग ते दाबतायत काय?’

मी काय काढलं होतं ते मला तेव्हा कळलं. हुबेहूब चित्राचं हेच तर आहे. तुम्ही प्रामाणिकपणे दिसेल ते उतरवत गेलात, तर तुम्हाला न समजलेलं सुद्धा कागदावर येतं. रोज ज्यांच्यासोबत जेवते त्या माणसाच्या हातात काय चाललंय हे मी पाच वेळा पेन्सिलीने लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

घरी गेले. चहा दिला, अण्णांनी उजव्या हाताने कप घेतला तेव्हा हात स्थिर होता. कप ठेवला, हात मांडीवर आला, आणि अंगठा-तर्जनी सुरू. दोन सेकंदांत डावा हात येऊन त्याच्यावर बसला. नखं कापायला उजव्या हातात नेलकटर धरावं लागतं, आणि तो हात आता ऐकत नव्हता. म्हणून डाव्याची नखं वाढलेली. इतकं साधं.

न्यूरॉलॉजिस्टने अण्णांना चालायला लावलं, बोटं टकटक करायला लावली, मग कागद-पेन पुढे करून एक गोल गोल फिरत जाणारी जिलबी काढायला आणि एक ओळ लिहायला सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरातलं दुसरं चित्र अण्णांनी काढलं. लिहिलेली ओळ सुरुवातीला मोठी आणि पुढे पुढे मुंगीएवढी होत गेली होती. पार्किन्सन्स. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, त्याचं नाव. कंप बहुतेकदा एका बाजूने सुरू होतो, हात कामात असला की कमी होतो आणि विसावला की परत येतो. सगळ्यांना कंप येतोच असं नाही, पण येतो तेव्हा गोळी वळल्यासारखी अंगठा आणि बोटाची ती हालचाल हा त्याचा जुना ओळखीचा नमुना. आमच्या घरात तिला ‘तिकिटं फाडणं’ म्हणत होते.

डॉक्टरांनी अजून एक गोष्ट सांगितली. या आजारात चेहऱ्याच्या हालचाली कमी होतात. माणूस आतून हसत असतो, चिडत असतो, पण चेहऱ्यावर उमटत नाही. आई हे ऐकून एकदम रडायला लागली. वर्षभर ती मला सांगत होती, ‘हल्ली तुझे अण्णा माझ्यावर सारखे रागावलेले असतात.’ ते रागावलेले नव्हतेच.

परत येताना रिक्षात मी विचारलं, ‘अण्णा, तुम्हाला कधीपासून जाणवत होतं?’

‘झालं असेल वर्ष.’

‘मग बोलला का नाहीत?’

त्यावर ते बाहेर बघत राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी खाली पाहिलं. डावा हात उजव्यावर इतका घट्ट, की नखांखाली पांढरं पडलेलं.

कंप कसा काढायचा, हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस पडला होता. कार्टूनवाले हाताभोवती दोन-चार वाकड्या रेघा मारतात, पण हुबेहूब चित्रात ती सोय नाही. पेन्सिलीचं चित्र जागचं हलत नाही. मी बोटांच्या कडा धूसर करून पाहिल्या, एकावर एक दोन बोटं काढून पाहिली. सगळं फसलं. फोकस चुकलेला फोटो वाटत होता. शेवटी लक्षात आलं की हलणारा हात काढायची गरजच नाहीये. त्याला दाबून धरणारा हात नीट काढला की खालचा हलतोय हे कळतं. आणि धरणाऱ्याला लाज वाटतेय, हेही.

केथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीची चित्रं मी त्याच सुमारास बघायला लागले. लेट नाइट शोधता शोधता सापडली आणि सकाळी साडेनऊच्या कॉलला मी लाल डोळ्यांनी बसले होते. तिचा नवरा बर्लिनमध्ये गरिबांचा डॉक्टर होता, त्यामुळे तिने थकलेली, आजारी, कामगार माणसं रोज जवळून पाहिली. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. त्याच्यासाठी तिने गुडघ्यांवर बसलेल्या आई-बापाचे दोन पुतळे केले, आणि ते पूर्ण व्हायला १९३२ साल उजाडलं. अठरा वर्षं! त्यातल्या बापाने स्वतःच्याच छातीभोवती हात आवळून धरलेत. धरायला दुसरं काही उरलेलं नाही म्हणून माणूस स्वतःला धरतो, तसे. चेहरा झाकून फक्त ते हात बघितले तरी पुरतं. तिच्या चित्रांत हात नेहमी शरीराच्या मानाने थोडे मोठे वाटतात. काही जण त्याला दोष म्हणतील. मला वाटतं तिला बरोबर ठाऊक होतं, तिची माणसं बोलणार कशाने.

गेल्या महिन्यात अण्णांच्या हातांचं सहावं चित्र पूर्ण झालं. गोळ्यांनी कंप बराच आटोक्यात आहे, पण ती हातावर हात ठेवायची सवय राहिलीय. या वेळी चोरून काढलं नाही. रीतसर विचारलं, खुर्ची उजेडात ओढली, तीन रविवार बसवलं. अण्णा मॉडेल म्हणून उत्तम निघाले, छत्तीस वर्षं लोकांनी टक लावून बघायची सवय होतीच. शेवटी चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. कागदाच्या कडेवरून अंगठा हळूच फिरत होता, शाई ओली असेल तर पुसेल अशा बेताने.

‘नखं दाखवलीस होय वाढलेली,’ ते म्हणाले. ‘लोक काय म्हणतील? नेलकटर आण.’

आणलं. त्यांच्यासमोर मोड्यावर बसले. आधी डावा हात केला. मग त्यांनी उजवा पुढे केला. ‘याचीही बघ जरा. डाव्याने नीट बसत नाहीत.’

मी तो हातात घेतला. माझ्या तळहातात तो बारीक हलत होता. मी नुसता आधार दिला, दाबला नाही.

‘धर की गं घट्ट,’ अण्णा म्हणाले. ‘बोटाला लागेल.’